ह्यूबर्टच्या घंटेवरची पट्टी

अर्डिस रुस्तादच्या घरात एकही वस्तू बेवारशी नव्हती. कुठलीही खुर्ची उलटी करा, खाली कागदी चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर नाव. निळ्या बश्या लेकीला, रॉक्सॅनला. भिंतीवरचं घड्याळ धाकट्या नातवाला. शिवणयंत्र चर्चमधल्या बायकांना. पाहुण्यांच्या खोलीतला तो भयाण दिवा नणंदेला, कारण आहेरात तो तिनेच दिला होता, आणि करावं तसं भरावं. ऐंशीव्या वाढदिवसाला रॉक्सॅनने विचारलं होतं, "आई, तुला काय आणू?" तर म्हणाली, "चिकटपट्टीचे दोन रोल. रुंद आण. अरुंद पट्टीवर तुझ्या मामेभावाचं नाव मावत नाही."

अर्डिसची शाळा आठवीपर्यंत. पण अक्कल काही तिला कुणाकडून उसनी आणावी लागली नव्हती. कॉफीच्या एका किटलीपायी सख्ख्या बहिणी अकरा वर्षं एकमेकींशी अबोला धरून बसलेल्या तिने पाहिल्या होत्या. मेल्या माणसाला तोंड नसतं. जे काय सांगायचं ते आधी सांगावं, आणि चिकटवून ठेवावं.

पट्टी नव्हती ती एकाच्याच अंगावर. ह्यूबर्टच्या.

ह्यूबर्ट म्हणजे गाढव. एकवीस वर्षांपूर्वी मायलोने, अर्डिसच्या नवऱ्याने, ते शिंगरू जनावरांच्या बाजारातून आणलं, मेंढरांना कोल्ह्यांपासून राखायला. पुढे मायलो गेला, मेंढरं विकली. उरली ती एकटी पर्ल. ती दोन्ही डोळ्यांनी आंधळी, म्हणून कुणी घेतली नाही. ह्यूबर्टच्या गळ्यात पितळेची घंटा होती. तो पाण्याकडे निघाला की घंटा वाजायची आणि पर्ल तिच्या मागोमाग जायची. एकदा पशुवैद्याने पर्लला चार दिवस स्वतःकडे ठेवून घेतलं, तर ह्यूबर्टने चारही दिवस गवताला तोंड लावलं नाही आणि रात्रंदिवस असा रेकला की पाद्रीबाबांना प्रवचन आटोपतं घ्यावं लागलं. त्याबद्दल गावाने त्याचे मनातल्या मनात आभारच मानले.

गाढव जगतं चाळीस वर्षं. अर्डिस होती ब्याऐंशीची, आणि तिच्या हृदयातली एक झडप निकामी झाली होती. गुरुवारी फार्गोच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन. सोमवारी ती मृत्युपत्राचं शेवटचं बघायला कर्टिस फ्लॉम वकिलाच्या कचेरीत जाऊन बसली.

"कॉफी?" कर्टिसने विचारलं.

"नको रे."

"आत्ताच केलीये, मिसेस रुस्ताद."

"कशाला उगीच तुला त्रास."

"थोडीशी तरी."

"बरं. अर्धा कप."

त्याने काठोकाठ भरून दिला. आमच्याकडची रीतच आहे ती. पहिल्या विचारण्याला हो म्हणेल तो हावरट, दुसऱ्याला म्हणेल तो उतावळा. तिसऱ्यांदा विचारलं की घ्यावं. हे मिनेसोटात पोरांना पाढ्यांच्या आधी येतं. अर्डिसने तर चर्चच्या रविवारच्या शाळेत चाळीस वर्षं पोरांना हेच शिकवलं होतं, आणि कर्टिस त्यातलाच. पहिल्याच विचारण्याला केकचा तुकडा उचलला म्हणून तिने त्याला एकदा कोपऱ्यात उभं केलं होतं. तो ते विसरला नव्हता. तीही नाही.

"सगळं झालंय," कर्टिस कागद पुढे सरकवत म्हणाला. "घर, शेत, बँक. ही एकच ओळ रिकामी आहे. गाढव."

"रॉक्सॅनला लिही."

"रॉक्सॅन मिनियापोलिसला चौथ्या मजल्यावर राहते."

"लिफ्ट आहे की."

कर्टिसने पेन खाली ठेवलं. अर्डिसने कॉफीचा घोट घेतला. "मग त्याचं त्यालाच दे. चाऱ्यापाण्याचे पैसे ह्यूबर्टच्या नावावर ठेव आणि मोकळा हो."

"तसं होत नाही. कायद्याच्या लेखी ह्यूबर्ट ही वस्तू आहे. खुर्चीसारखी. खुर्चीच्या नावावर पैसे ठेवता येत नाहीत."

"खुर्ची माझ्यामागे उपाशी राहणार नाही, कर्टिस."

"म्हणूनच वेगळी सोय आहे ना. त्याच्यासाठी ट्रस्ट करायचा. पैसे एकाच्या हातात, दावं दुसऱ्याच्या हातात. पैसेवाल्याने बघायचं की दावंवाला नीट खायला घालतोय. पैशाला रॉक्सॅन चालेल. दाव्याला माणूस हवा, आणि त्याने आधी हो म्हणायला हवं. नुसतं कुणाचंही नाव लिहून चालत नाही. मृत्युपत्र कुणाच्या गळ्यात जबरदस्तीने गाढव बांधू शकत नाही."

"आणि नाव नसलं तर?"

कर्टिसने चष्मा पुसायला घेतला. "तर बाकीच्या सामानाबरोबर विकलं जाईल."

पुढचं त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. शनिवारच्या बाजारात म्हाताऱ्या गाढवाला कोण बोली लावतं आणि त्यांचा ट्रक कुठे जातो, हे तिला वकिलाकडून शिकायचं नव्हतं. आंधळी मेंढी तर त्याच्याही आधी जाईल.

"कुणाला विचारलंत का?"

"विचारलं होतं. नाही म्हणाला."

"कोण?"

"कप सांभाळ तुझा, कागदावर सांडेल. बुधवारी दुपारी येते. नाव आणते, नाहीतर ऑपरेशनच नको म्हणून सांगते."

घरी रॉक्सॅन येऊन बसली होती, आईची बॅग भरायला. तिने हे ऐकलं आणि हातातला गाऊन तसाच खाली टाकला.

"आई, डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना? आत्ता केलं नाही तर हा हिवाळा निघणार नाही."

"नाही निघाला तर नाही. हिवाळे मी पुष्कळ काढले. पण त्या मुक्या जनावराला वाऱ्यावर सोडून मी बेशुद्ध व्हायची नाही."

"मी बघेन ना त्याचं! कुठेतरी पाळणारं चांगलं घर शोधेन."

"तू? तुझ्याकडची मनी प्लांटची कुंडी गेली, ती कुणी मारली?"

"ते झाड होतं, आई."

"झाड तर पळूनही जात नाही, तरी तुला सांभाळता आलं नाही."

रॉक्सॅनने सुस्कारा सोडला. "शेजारच्या लोवेलकाकांना विचार. त्यांचा गोठा रिकामा आहे, माणूसही भला आहे."

अर्डिसने तोंड फिरवलं. तिचं दुखणं नेमकं तिथेच होतं.

लोवेल सेटरला तिने विचारलं होतं. दोन वर्षांपूर्वी, ईस्टरच्या न्याहारीला, चर्चच्या तळघरात. "लोवेल, माझ्यामागे ते गाढव तुला हवं असेल तर घेऊन जा हो." त्यावर तो म्हणाला, "अहो नको, नको. एवढं गुणी जनावर, मला कशाला." मग गेल्या साली पानगळीत, तो कुंपणाची तार ओढत असताना तिने परत विषय काढला. तो म्हणाला, "छे, छे, अर्डिसबाई, मला कुठलं जमायला. असू दे तुमच्याकडेच." त्यावर ती "बरं" म्हणाली आणि घरी आली. घरी येऊन बटाटे असे सोलले की सालीबरोबर निम्मा बटाटा गेला. रुस्तादांच्या घरातली बाई कुणाच्या दारात गाढव घेऊन भीक मागत हिंडत नाही. तेव्हापासून लोवेल भेटला की ती हवापाण्याचं बोलायची, हसायचीसुद्धा, पण ते हसू गालांच्या पुढे कधी गेलं नाही.

बुधवारची सकाळ उजाडली. नाव काही मिळालं नव्हतं. पण फ्रीजवर काचेचं एक लांबट भांडं होतं, आणि त्याच्या तळाला पट्टीवर लिहिलं होतं, मारलीस. लोवेलची बायको. ऑपरेशनचं कळल्याबरोबर तिने खिमा आणि बटाटे ओव्हनमध्ये भाजून हॉटडिश करून पाठवलं होतं. हे भांडं परत करायला हवं होतं. माणसाने सुरीखाली जाताना दुसऱ्याचं भांडं घरात ठेवू नये. आणि रिकामं तर मुळीच परत करू नये. म्हणून अर्डिसने पहाटे उठून, दर दोन मिनिटांनी खुर्चीवर टेकत, सफरचंदाच्या वड्या भाजल्या आणि भांडं काठापर्यंत भरलं.

"मी देऊन येते, तू बस," रॉक्सॅन म्हणाली.

"भांडं ज्या हाताने घेतलं त्याच हाताने परत जातं. गाडी काढ."

सेटरांच्या स्वयंपाकघरात मारलीसने भांडं घेतलं, "अगंबाई, हे कशाला" असं दोनदा म्हटलं, कॉफीचं तीनदा विचारलं, आणि अर्डिस खिडकीपाशी बसली. या खिडकीशी ती वर्षभर बसली नव्हती. मागच्या कुरणाला नवं कुंपण होतं. काटेरी तार नाही, रंधा मारलेल्या सपाट फळ्या. कोपऱ्यात उत्तरेकडून बंद केलेलं एक बुटकं छप्पर.

"हे कधी बांधलं?"

"गेल्या पानगळीत," मारलीस म्हणाली. तिचे ओठ उगीचच घट्ट मिटले होते. "ट्रॅक्टरसाठी म्हणे."

अर्डिसची झडप बिघडली होती, डोळे नव्हते बिघडले. छपराखाली गव्हाण होती. शेजारी दुसरी, हातभर खाली. आणि पाण्याच्या टाकीपासून छपरापर्यंत गुडघ्याइतक्या उंचीवर एक दोरी ताणलेली, अंगाने चाचपत चालता येईल अशी.

"ट्रॅक्टर गव्हाणीत चरायला लागला का तुमचा?"

तेवढ्यात लोवेल मागच्या दाराने आत आला. अर्डिसला बघून त्याने टोपी काढली, आणि त्याचे कान लाल झाले. अडुसष्ट वर्षांचा माणूस, पण कानांनी काही गुपित ठेवलं नाही.

"लोवेल, ती गव्हाण कुणासाठी रे?"

"ती? तशीच. लाकूड उरलं होतं."

"आणि ती बुटकी?"

"लाकूड जरा जास्तच उरलं होतं."

"आणि दोरी?"

लोवेलने टोपी उलटी करून आत पाहिलं, जणू उत्तर तिथे लिहून ठेवलेलं होतं. मारलीसला मग राहवेना. तिने कॉफीचं भांडं ओट्यावर आदळलं.

"मी सांगते! दोन वर्षं हा माणूस फोन वाजला की पळत येतोय. 'आता विचारतील, मारलीस, आता विचारतील.' गाढवाचे खूर कसे कापायचे ते शिकायला त्या पशुवैद्याकडे तीनदा जाऊन आला. आंधळ्या मेंढीला दोरी कळते का म्हणून डोळ्यांना फडकं बांधून स्वतः त्या कुरणात रांगला. पोस्टमनने पाहिलं! आणि तुम्ही, अर्डिसबाई, तुम्ही विचारलंत दोनदा! दोनदाच!"

"तो नाही म्हणाला!"

"मग काय म्हणणार! चांगल्या घरचा आहे तो! तीनदा विचारल्याशिवाय घेऊ नये, हे तुम्हीच ना शिकवलंत साऱ्या गावाच्या पोरांना? लोकांचं गाढव काय पहिल्या बोलीला उचलून आणायचं?"

रॉक्सॅन वडीचा घास तोंडात तसाच धरून बसली होती.

अर्डिसने मनात मोजलं. ईस्टर, एक. कुंपण, दोन. पुन्हा मोजलं, तरी दोनच. सगळ्या गावाला तीनपर्यंत मोजायला शिकवलं तिने, पोरं कोपऱ्यात उभी केली, आणि स्वतःची वेळ आली तेव्हा दोनावर फणकारून घरी जाऊन बटाटे सोलत बसली. इतकं लांब नाक देवाने तिला दिलं होतं, आणि त्या नाकापलीकडचं कुरण तिला वर्षभर दिसलं नव्हतं.

नाक मुठीत धरायची तिला सवय नव्हती. पण अडला हरी गाढवाचे पाय धरी, आणि इथे तर गाढव तिचं स्वतःचंच होतं. ती टेबलाला धरून उभी राहिली. असली गोष्ट बसून विचारत नाहीत.

"लोवेल, माझ्यामागे ह्यूबर्टला आणि पर्लला सांभाळशील का? दोघांना. वेगळं न करता."

लोवेलने टोपीची कड एकदा पूर्ण गोल फिरवली.

"बरं," तो म्हणाला. "तुमची फार अडचण होणार नसेल तर."

अर्डिस खाली बसली. झडप होती तशीच होती, पण छातीवर दोन वर्षं बसलेलं कुणीतरी उठून गेल्यासारखं तिला वाटलं. डोळे भरून आले. तिने ते कॉफीच्या वाफेवर ढकललं. "फार गरम करतेस तू कॉफी, मारलीस," ती म्हणाली. मारलीसनेही पदर नसल्याने फडक्यालाच डोळे पुसले आणि म्हणाली, "हो, तेवढं चुकतंच माझं."

दुपारी कर्टिसच्या कचेरीत रिकामी ओळ भरली. पैसे रॉक्सॅनकडे, दावं लोवेलकडे, आणि लोवेलला काही झालं तर मारलीसकडे. दोन्ही जनावरं एकत्र राहतील, हेही अर्डिसने लिहून घेतलं.

"अजून काही?" कर्टिसने विचारलं.

"हिवाळ्यात त्यांना पाणी कोमट द्यायचं. आणि मारलीसचं उरलेलं हॉटडिश घालायचं नाही."

"हे कागदावर लिहू?"

"तोंडी सांग. तिच्या हाताला चव नाही, पण बाई सोन्याची आहे."

तिने सही केली. शाळा सुटून अडुसष्ट वर्षं झाली होती, तरी अक्षर वळणदार होतं.

संध्याकाळी जनावरं पलीकडे न्यायची होती, म्हणजे गुरुवारी पहाटे निघताना घोर नको. मधला रस्ता रुंदीला जेमतेम दहा पावलांचा, पण त्यावर नवीन डांबर पडलेलं, आणि ह्यूबर्टने डांबर पाहिलं नि चारी पाय रोवले. लोवेलने सफरचंद दाखवलं. रॉक्सॅनने मागून ढकललं. ह्यूबर्टने कान मागे टाकले आणि शेपटीने तिच्या चष्म्याचा निकाल लावला.

"आई, हा हलत नाही!"

"गाढव आहे ते. तू कोण आहेस, तू विचार कर. घंटा सोड त्याची, लोवेल. तू पुढे हो आणि वाजव."

लोवेल घंटा वाजवत रस्ता ओलांडून गेला. पर्लने मान उचलली आणि त्या आवाजामागे निघाली, डांबर कुठलं आणि गवत कुठलं, तिला सगळं सारखंच. ह्यूबर्टने तिला जाताना पाहिलं. एक पाऊल टाकलं. मग कुणीच काही न सांगता असा सुटला की लोवेलला उडी मारून बाजूला व्हावं लागलं.

घंटा परत बांधायच्या आधी अर्डिसने ती हातात घेतली, पर्समधून चिकटपट्टी काढली, एक तुकडा दाताने तोडला आणि आतल्या बाजूला चिकटवला. त्यावर लोवेलचं नाव आधीच लिहिलेलं होतं.

फार्गोच्या दवाखान्यात पहाटे गार पडलं होतं. नर्स तरुण होती, कुठल्यातरी दूरच्या राज्यातून आलेली. "आजी, गरम केलेलं ब्लँकेट देऊ का?"

"नको गं, कशाला तुला त्रास."

"ठीक आहे," म्हणून नर्स वळली आणि चालू लागली. खरोखरच चालू लागली.

अर्डिस तिच्या पाठीकडे बघत राहिली. बिचारीला कुणी शिकवलंच नव्हतं. पण मग वाटलं, दोन वर्षं घालवली ती पुरे झाली.

"ए मुली, थांब. आण ते ब्लँकेट. दोन आण."

ब्लँकेट आलं. भूल चढेपर्यंत ती त्या उबेत पडून राहिली. घरातली एकेक वस्तू तिने मनात उलटी करून पाहिली. सगळ्यांखाली नाव होतं.

डोळे उघडले तेव्हा दुपार कलली होती. खिडकीपाशी रॉक्सॅन बसली होती, नाकावर चिकटपट्टीने जोडलेला चष्मा. डॉक्टर खूश होते म्हणाली. झडप घड्याळासारखी चालतेय म्हणाली.

"ह्यूबर्ट?" अर्डिसचा घसा कोरडा पडला होता.

"मजेत आहे. पर्ल दोरी धरून पाण्यावर जाऊन आली, लोवेलकाका फोनवर रडायचेच बाकी होते. फक्त..."

"फक्त काय?"

"ह्यूबर्टने कुंपणावरून मान घालून मारलीसकाकूंची डेलियाची फुलं खाल्ली. सगळी. येत्या रविवारी चर्चमध्ये ठेवायची होती म्हणे."

अर्डिसला हसू आलं आणि टाके दुखले. "मग काय म्हणाली ती?"

"म्हणाली, काही हरकत नाही."

"कितीदा म्हणाली?"

रॉक्सॅनने आठवून पाहिलं. "एकदाच."

"म्हणजे चिडलीये," अर्डिस डोळे मिटून समाधानाने म्हणाली. "घरी गेल्या गेल्या सफरचंदं काढून ठेव. वड्या कराव्या लागतील."